डाव्या हाताची बटणं

बेंदूर, आमचा बैलांचा सण, तोंडावर आला होता. मी पिळलेलं धुणं घेऊन शेडवरून चालले होते, तेवढ्यात ह्यांनी डाव्या हाताने ट्रॅक्टरचा डावीकडचा पत्रा ठोकला आणि मला म्हणाले, "हितं."

"हितं काय?" मी विचारलं.

त्यांनी उजवीकडच्या जुन्या बटणांकडे बोट दाखवलं आणि पुन्हा डावीकडचा पत्रा ठोकला. "हे. हितं."

दिव्यांची आणि हॉर्नची बटणं उजवीकडून काढून डावीकडे बसवायची, असं ते सांगत होते. मला ते लगेच कळलं. दोन वर्षांपूर्वी त्यांना अर्धांगाचा झटका आला, तेव्हापासून त्यांचा उजवा हात मांडीवर पडून असतो आणि उजवा पाय काठीच्या मागून ओढत येतो. ज्या माणसाचा डावाच हात चालतो, तो बटणं डावीकडे मागतो ती कशाला? गाडी चालवायला. आणि ट्रॅक्टरचा ब्रेक असतो उजव्या पायाखाली. मी धुणं तिथेच बाजेवर टाकलं आणि "बघू" म्हणून आत निघून गेले. त्या काळात मी सगळ्यांनाच "बघू" म्हणायची.

झटक्यात त्यांचं बोलणंही गेलं. अगदीच गेलं असं नाही. पाच-सहा शब्द उरले. हाय, न्हाय, ये, हे, हितं. त्यातही हाय आणि न्हाय यांची अदलाबदल व्हायची. चहा पाहिजे का विचारलं की "न्हाय" म्हणायचे आणि कप न्यायला लागलं की डोळे वटारायचे. स्क्रू-ड्रायव्हरला चमचा म्हणायचे. शिव्या तेवढ्या शाबूत राहिल्या. डॉक्टर म्हणाले, शिव्यांचा कप्पा डोक्यात वेगळा असतो. मी म्हटलं, तोच नेमका कसा वाचला, डॉक्टर? ते हसले. मला तेव्हा हसू येत नव्हतं.

हा ट्रॅक्टर म्हणजे आत्ता रस्त्यावर दिसतात तसला धिप्पाड नव्हे. माझ्या कमरेला लागेल एवढं बोनेट, दोन बुटकी चाकं पुढे, दोन बऱ्यापैकी मोठी मागे, आणि वर लोखंडी ताटलीसारखी सीट. कुठल्या तरी बड्या माणसाने बंगल्याच्या बागेसाठी परदेशातून आणवलेला, असं हे सांगायचे. हे शिरोली एमआयडीसीतल्या एका फौंड्रीत इलेक्ट्रिशियन होते. फौंड्रीत वितळवायला ट्रक भरभरून भंगार यायचं, फुटके पंप, गंजलेली इंजिनं, आणि त्या ढिगात एक दिवस हा आला. ह्यांनी मालकांच्या हातापाया पडून तो भट्टीच्या तोंडातून काढला. टेंपोतून घरी आणला तेव्हा मी दारात उभी राहून म्हणाले होते, लोकं भंगार विकतात, आमच्याकडं पोसायला आणतात. पुढे वर्षभर प्रत्येक रविवारी तो माणूस त्या लोखंडाखाली आडवा असायचा. जेवायला हाक मारली की खालून नुसते पाय हलायचे.

पण तो चालू झाला. कळंब्याच्या अंगाला आमचा जमिनीचा लहानसा तुकडा आहे, घराला लागूनच. त्यात पेरूची झाडं, मधे वांगी, मिरच्या. मोठा ट्रॅक्टर त्या ओळींतून जात नाही. हा जायचा. फौंड्रीतून सुटल्यावर हे अंघोळसुद्धा न करता त्याच्यावर बसायचे आणि दिवेलागणीनंतरही पेरूच्या बागेतून त्याचे दोन पिवळे डोळे फिरताना दिसायचे. मला कधी त्याला हात लावू दिला नाही. एकदा मी सीटवर वाळवणाचं ताट ठेवलं होतं, तर घर डोक्यावर घेतलं.

आमच्याकडे बेंदराला बैलांचा मान. शिंगांना हिंगूळ लावायचा, शिंगांत कडबोळी अडकवायची, पाठीवर झूल घालायची, आणि संध्याकाळी वाजतगाजत मारुतीच्या देवळापर्यंत न्यायचं. आता गल्लीत बैल राहिलेत दोन घरी. बाकीच्यांनी तो मान ट्रॅक्टरला दिला. हलगी वाजत असते, बैल पुढे, मागे ट्रॅक्टर सगळे दिवे लावून. आमचा सगळ्यांत शेवटी, कारण तो वेगात जातच नाही. त्याला शिंगं नाहीत म्हणून मी कडबोळी त्याच्या दिव्यांना अडकवायची. पोरं वाटेतच ती पळवून खायची, आणि हे मागं वळून शिव्या घालायचे, पण हसत हसत.

झटक्यानंतर दोन बेंदूर तसेच गेले. ट्रॅक्टर शेडमध्ये ताडपत्रीखाली उभा राहिला. उंदरांनी वायरी खाल्ल्या, एक दिवा कुणाच्या तरी चेंडूने फुटला, बटणं गंजून घट्ट झाली. या वर्षी मात्र हे रोज काठी टेकत शेडमध्ये जाऊन बसायला लागले. आणि मग ते "हितं" सुरू झालं. सकाळी हितं, दुपारी हितं. मी ऐकलं नाही की काठी आपटायची.

माझी अवस्था काय होती ते सांगते. पहाटे उठून त्यांना उठवायचं, संडासला न्यायचं, अंघोळ घालायची, उजव्या हाताची बोटं एकेक करून उघडायची, गोळ्या, नाष्टा, पुन्हा गोळ्या. रात्री दर थोड्या वेळाने कूस बदलायची. मी पूर्वी ब्लाउज शिवायची. आमच्या भागातल्या निम्म्या बायका माझ्याच हातचे ब्लाउज घालायच्या. ती मशीन आता चादर घालून कोपऱ्यात होती आणि तिच्यावर औषधांच्या पिशव्या. दोन वर्षांत मी सलग झोपले असेन असं मला आठवत नाही. माझं त्यांच्यावर प्रेम आहे की नाही हे कुणी विचारलं असतं तर मी म्हणाले असते, आधी झोपू दे, मग सांगते. लोक घरी येऊन ह्यांना बघायचे, आणि जाताना मला म्हणायचे, तुमच्यामुळं हाय हो सगळं. ते ऐकलं की मला आणखीच दमल्यासारखं व्हायचं.

बाजूच्या घरात ह्यांचा धाकटा भाऊ राहतो, माझे भावजी. त्यांच्या कानावर मी हे घातलं.

"वैनी, दादाला त्याच्यावर बसू देऊ नका," ते म्हणाले. "ब्रेक उजव्या पायात हाय की. कुठं धडकला तर काय घ्या?"

"ते मला सांगू नका, त्यांना सांगा."

भावजी शेडमध्ये गेले आणि लगेच परत आले. कान लाल झाले होते. शिव्यांचा कप्पा शाबूत आहे हे त्यांनाही कळलं.

मग मी एक इलेक्ट्रिशियन बोलावला. त्याने बोनेट उघडलं आणि कपाळावर हात मारला. कारण आतली सगळी वायरिंग काळी. दिव्याची काळी, हॉर्नची काळी, बॅटरीकडून येणारी काळी. फौंड्रीत काळ्या वायरीचं उरलेलं बंडल होतं, ते ह्यांनी सगळीकडे वापरलं होतं. कुठली कुठे जाते ते त्यांच्या डोक्यात होतं, त्यामुळे रंगांची त्यांना गरजच पडली नाही.

"मावशी, हे समदं उपटून नवीन करायला पायजे," तो म्हणाला आणि एक वायर ओढली. ह्यांनी काठी उगारली. पुढे जे काही ते बोलले त्यात एकही शब्द अडखळला नाही. तो माणूस जो गेला तो परत आला नाही.

राहिले मी. मी ठरवलं, बटणं बसवून टाकायची. निदान रोजची काठीची आपटाआपटी थांबेल. गाडी चालवण्याचं पुढे बघू. बेंदराच्या दिवशी भावजींना उभं करू, ते धरतील. माझ्या मनात हेच होतं. त्यापलीकडे विचार करायची ताकद नव्हती.

शाहूपुरीतल्या एका दुकानात गेले. जुनं गंजकं बटण काउंटरवर ठेवलं.

दुकानदाराने ते उलटंपालटं करून पाहिलं. "हे कुठल्या जमान्यातलं, मावशी? संग्रहालयात द्या की."

"घरात एक संग्रहालय हाय, तेवढं बास हाय. तसलंच दुसरं द्या."

"तसलं आता मिळतंय व्हय? हे घ्या, खाली-वर करायचं बटण. आणि बल्बाचे दिवे आता कोण घेतंय, एलईडी घ्या. दोन वायरी जोडल्या की झालं. बसवणार कोण?"

"मी बसवतो," मी म्हणाले. आमच्या कोल्हापुरात बाईसुद्धा "मी करतो, मी जातो" असंच म्हणते. पुण्याला दिलेली माझी मुलगी आता "मी करते" म्हणायला लागलीय आणि माझ्या बोलण्याला हसते. दुकानदार काही हसला नाही. त्याने एकदा माझ्या बोटांकडे पाहिलं आणि थिंबलांची एक पुडी जास्तीची टाकली, वायरीच्या टोकाला दाबून बसवायची ती पितळी टोकं. तेवढ्याने मला एकदम रडू आलं. असं व्हायचं तेव्हा. कुठल्याही गोष्टीने रडू यायचं.

दुपारी हे झोपायच्या ऐवजी शेडमध्ये खुर्ची टाकून बसायचे आणि मी ट्रॅक्टरपाशी पाट घेऊन. वर पत्र्यावर पाऊस वाजत असायचा, त्यामुळे शेजाऱ्यांना आमचं भांडण ऐकू जायचं नाही एवढं बरं होतं. जुनी बटणं काढतानाच माझी नखं मोडली. नट गंजून पत्र्याशी एक झाले होते. मी खोबरेल तेल सोडलं तर हे "न्हाय, न्हाय" करून ओरडले आणि रॉकेलच्या बाटलीकडे बोट दाखवलं. रॉकेल सोडलं, तासाभराने नट हलला. मी म्हटलं, "आता खूश?" ते म्हणाले, "चमचा." मी स्क्रू-ड्रायव्हर दिला. डाव्या हाताने एक स्क्रू फिरवायला त्यांना इतका वेळ लागत होता की मला त्यांच्या हातातून तो हिसकावून घ्यावासा वाटायचा. बऱ्याच वेळा मी घेतलाही.

काळ्या वायरींचा प्रश्न मी माझ्या पद्धतीने सोडवला. शिवणाच्या डब्यातली दोऱ्यांची रिळं काढली. जुन्या बटणावरून एक वायर सोडवायची, ती पुढे कुठे जाते ते चाचपत जायचं, आणि दोन्ही टोकांना एकाच रंगाचा दोरा बांधायचा. पुढच्या दिव्यांना लाल, मागच्या दिव्याला हिरवा, हॉर्नला पिवळा. चाचपताना चुकले की हे तोंडाने च्च करायचे. कुठे जाते ते त्यांना माहीत असायचं, सांगता यायचं नाही. त्यांच्या चेहऱ्यावर इतका त्रास दिसायचा की माझा राग तेवढ्यापुरता उतरायचा. शब्द शोधता शोधता त्यांच्या कपाळावर घाम यायचा. एकदा त्यांनी हिरवा दोरा बोटांत धरला, बराच वेळ बघितला आणि मान हलवली. शाबासकीच होती ती. लग्नानंतर त्या माणसाने माझ्या कामाला दिलेली बहुतेक पहिलीच.

डावीकडच्या पत्र्याला भोकं पाडायला भावजींचं ड्रिल आणलं. जागा ह्यांनी दाखवली. मी सीटवर बसणाऱ्याच्या हाताशी येईल अशी खूण केली होती, तर त्यांनी ती पुसली आणि बरीच मागे, मडगार्डाजवळ बोट टेकवलं. मी म्हटलं, इतक्या मागं हात कसा पोचणार? त्यांनी पुन्हा तिथेच बोट टेकवलं. माझ्यात वाद घालायचं त्राण नव्हतं. तुमची गाडी, तुमची खूण, म्हणून मी तिथेच भोकं पाडली.

त्या दिवशी मात्र मी त्यांना सरळ विचारलं. ड्रिल खाली ठेवलं, त्यांच्या समोर उकिडवी बसले. "खरं सांगा. तुम्हाला ह्याच्यावर बसून चालवायचा हाय का?"

"न्हाय," ते म्हणाले.

"न्हाय म्हणजे न्हाय की न्हाय म्हणजे हाय?"

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. ओठ हलले, काहीतरी मोठं सांगायचं होतं, आणि बाहेर आलं ते "हे... हे... हे". मग त्यांनी काठी भिरकावून दिली. मी ती उचलून आणून दिली आणि जेवण गरम करायला गेले. स्टार्टरची मूठ उजवीकडे सीटखाली होती, ती हलवायला त्यांनी एकदाही सांगितलं नव्हतं, हे तेव्हा माझ्या लक्षातच आलं नाही. थकलेल्या माणसाला समोरचं दिसत नाही म्हणतात ते खोटं नाही.

सगळं बसवून झालं. नवे दिवे पुढे, नवा लाल दिवा मागे. बॅटरी भावजींनी गावातून चार्ज करून आणलेली होती. मी पहिलं बटण वर केलं. काही नाही. दुसरं केलं. काही नाही. हॉर्न तेवढा वाजला, तोही म्हशीसारखा. मी सगळी थिंबलं पुन्हा दाबली, फ्यूज काढून घातला, दोरे तपासले. दिवे पेटायला तयार नाहीत. पाऊस वाढला होता, ह्यांच्या गोळीची वेळ झाली होती, गॅसवर भात होता. मी ट्रॅक्टरच्या चाकाला टेकून मटकन बसले.

ह्यांनी बॅटरीवरच्या लाल टोपीच्या खिळ्यावर बोट ठेवलं आणि नंतर मडगार्डाचा पत्रा थोपटला. पुन्हा लाल टोपी, पुन्हा पत्रा. मला वाटलं, बॅटरी घाण झालीय म्हणतात. भात उतरवून गरम पाणी आणलं आणि बॅटरीची टोकं घासून काढली. दिवे तसेच. त्यांनी पुन्हा तेच केलं, लाल टोपी आणि पत्रा, या वेळी पत्र्यावर चांगली थाप मारली. मी ओरडले, "पत्रा पण धुऊ का आता? तुम्हाला पण धुतो, गाडीला पण धुतो, दुसरं काम काय हाय मला?"

मी नुसती बघत बसले त्या बॅटरीकडे, आणि मग दिसलं. लाल टोपीवरून निघालेली जाड वायर थेट पत्र्यालाच आवळलेली होती. भावजींच्या गाडीत काळ्या टोपीची वायर पत्र्याला असते, मी पाहिलेली. ह्या म्हाताऱ्या परदेशी यंत्रात सगळं उलट. जुन्या बल्बाला वीज कुठूनही आली तरी चालायची, ह्या नव्या दिव्यांना एकाच बाजूने लागते. मशीनमध्ये सुई उलटी बसली तर टाका पडत नाही, तसंच. मी दिव्यांच्या दोन-दोन वायरी सोडवल्या आणि अदलाबदल करून जोडल्या. बटण वर केलं.

शेडची समोरची भिंत लख्ख उजळली. भिंतीवरचं जळमट, टांगलेली विळी, जुनं टायर, सगळं दिसायला लागलं. ह्यांनी तोंड उघडून एक जोरात शिवी हासडली. आनंदाची होती ती. मी पण तीच शिवी परत दिली आणि आम्ही दोघं हसलो. किती दिवसांनी हसलो ते विचारू नका.

पण रात्री अंथरुणाला पाठ टेकली आणि पुन्हा भीतीने गाठलं. दिवे लागले होते, हॉर्न वाजत होता. म्हणजे आता फक्त त्यांनी त्या सीटवर चढायचं राहिलं होतं.

बेंदराच्या दिवशी पुरण वाटता वाटता माझे खांदे भरून आले. नैवेद्य, पोळ्या, कडबोळी. ह्यांना अंघोळ घातली, पांढरा शर्ट, टोपी. उजवा हात बाहीत घालताना नेहमीसारखीच झटापट. भावजींना सांगून ठेवलं होतं; त्यांनी सकाळीच ट्रॅक्टर ढकलून त्याचं तोंड गल्लीकडे केलं होतं आणि ते चार वाजल्यापासून शेडच्या दारात उभे होते, कुस्तीला उतरल्यासारखे. पाऊस थांबला होता. खालच्या गल्लीतून हलगीचा आवाज यायला लागला.

हे काठी टेकत शेडमध्ये आले. मी मागे, भावजी पुढे. ट्रॅक्टरपाशी आल्यावर ते सीटच्या बाजूला वळतील म्हणून भावजींनी हात पुढे केले. हे वळलेच नाहीत. डावीकडून गेले, मडगार्डाला पाठ लावली आणि भावजींना मानेने खुणावलं. भावजी गोंधळले, पण त्यांना धरून वर उचललं. ते डाव्या मडगार्डावर बसले, बायका-पोरं बसतात तिथे. डावा हात अलगद खाली सोडला, तर तो बरोब्बर माझ्या बटणांवर आला. मग त्यांनी तोच हात उचलून रिकाम्या सीटवर ठेवला, माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाले, "ये."

भोकं इतक्या मागे का, ते मला तेव्हा कळलं. गाडी मी चालवायची होती, आणि त्यांनी शेजारी बसून दिवे लावायचे, हॉर्न वाजवायचा.

भावजी तर हसायलाच लागले. "वैनी, दादानं तुम्हाला डायवर केलं की!"

मला हसू आलं नाही. मला सुटल्यासारखं वाटायला हवं होतं. ते चालवणार नव्हते, धडकणार नव्हते, माझी सगळी भीती फुकट होती. पण माझ्या आतून जे आलं ते निराळंच होतं.

"न्हाय," मी म्हणाले. "मी न्हाय चालवणार. ऐकलं का? तुम्हाला उठवायचं मी, धुवायचं मी, भरवायचं मी. वायरी पण मी केल्या. आता गाडी पण मीच शिकू? आणखी काय काय शिकू सांगा. दमलोय मी. लई दमलोय. मला काही शिकायचं न्हाय, मला नुसतं पडायचं हाय."

भावजींचं हसू विरलं. मी ते दोन वर्षांत कुणापुढे बोलले नव्हते, ह्यांच्यापुढे तर नाहीच. हलगी आता आमच्याच गल्लीच्या तोंडाशी आली होती. मला वाटलं, आता काठी उडणार, नाहीतर शिवी येणार. मी पदराने तोंड पुसत उभी राहिले.

ह्यांनी तसं काही केलं नाही. सीटवरचा हात तिथेच ठेवला. ओठ हलायला लागले. कपाळावर घाम आला, मान ताठ झाली, आणि बऱ्याच खटपटीनंतर त्यांनी दोन शब्द काढले. शिव्या सोडल्या तर, झटक्यानंतर एकाला एक जोडलेले दोन शब्द मी पहिल्यांदाच ऐकत होते.

"दम... घे."

आणि पुन्हा सीट थोपटली.

मी चढले. का चढले ते सांगता येणार नाही. उभं राहवत नव्हतं हेच खरं असावं. ती लोखंडी सीट गार होती आणि बसल्यावर कळलं की ती वाटते तितकी वाईट नाही. इंजिन बंदच होतं. ह्यांनी खालचं बटण वर केलं, समोर गल्लीत उजेड पडला. शिंगं रंगवलेले बैल त्या उजेडातून गेले, मग ट्रॅक्टर, गोंडे लावलेले. प्रत्येकाला ह्यांनी एकेक हॉर्न दिला. माणसं हात हलवत होती. कुणीतरी ओरडलं, "काका, येताय न्हवं?" मी स्टिअरिंगवर हात ठेवले, हातांवर कपाळ टेकलं, म्हटलं जरा डोळे मिटू. एवढंच मला आठवतं.

पुढचं भावजींकडून कळलं. मिरवणूक देवळाकडे निघून गेली. नैवेद्याचं विचारायला ते मला उठवायला आले, तर ह्यांनी काठी आडवी धरली आणि त्यांना दारातूनच परत पाठवलं.

मी जागी झाले तेव्हा अंधारून आलं होतं. मानेला रग लागली होती, ओठाच्या कडेला लाळ. पहिल्यांदा धडकीच भरली, ह्यांची गोळी चुकली, हे पडले असतील. पण ते शेजारीच होते, मडगार्डावर, पाठ ताठ करून बसलेले. एवढा वेळ आधाराशिवाय बसायला त्यांना किती कष्ट पडले असतील ते मला माहीत आहे, त्यांची पाठ मीच चोळते. ट्रॅक्टरचे दिवे बंद होते.

"का हो बंद केले?" मी विचारलं. "सणाचा दिवस, राहू द्यायचे की."

त्यांचा हात बटणावरच होता. थोडा वेळ त्यांनी शब्द शोधला.

"तू," ते म्हणाले.

मला झोप लागली म्हणून त्यांनी उजेड घालवला होता. उतरून त्यांची गोळी आणायला हवी होती, पोळ्या झाकायच्या होत्या. मी पुन्हा स्टिअरिंगवर डोकं टेकलं आणि डोळे मिटले.